एक्केचाळिसाव्या पानावरची अट

हिशोबच मांडायचा तर कस्तुरी सबनीसला यातून मिळणार होत्या अवघ्या दोन गोष्टी. एक तिचं स्वतःचं नाव, अकरा वर्षं एका चुकीच्या गळ्यात अडकवलेलं, तिथून सोडवून परत. आणि दुसरी, मिलिंद चौबळचा चेहरा. तोही कायमचा नव्हे, चार-पाच मिनिटांपुरता, कौन्सिलच्या माणसांसमोर, काय झालंय ते कळायच्या जरा आधीचा आणि कळल्यानंतर लगेचचा. बढती तिला नको होती, माफी तर मुळीच नको होती. मिलिंदची माफी कशी असते ते तिला ठाऊक होतं. माणूस माफी मागता मागता समोरच्याच्या डब्यातलं थालीपीठ उचलायचा. इतकं थोडं मागणाऱ्या बाईला सुडाची हाव आहे असं कोण म्हणेल, असं तिचं तिलाच वाटे. हाव असलेली माणसं पार्किंगची जागा मागतात, खिडकीजवळचं टेबल मागतात. हिला फक्त एक चेहरा हवा होता.

हे मागणं जागं झालं एका मंगळवारी, लंडनजवळच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसच्या किचनमध्ये, कपातली टीबॅग चमच्यावर पिळताना. शेजारी केटल उकळत होती आणि ओल्या कार्पेटचा तो वास, जो इथे सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत हलत नाही, नेहमीप्रमाणे पायाशी बसलेला होता. त्या आठवड्यात रुजू झालेली शेरॉन पेणकर आत आली. चाळिशीची, इल्फर्डची, आजी-आजोबा मुंबईहून आलेले बेने इस्रायल ज्यू. कस्तुरीच्या गळ्यातलं ओळखपत्र तिनं वाचलं आणि हात तोंडावर ठेवला. "ओ माय गॉड, तू खरा माणूस आहेस? मला वाटला कस्तुरी म्हणजे जॅपनीज मेथड आहे! कोडमध्ये सगळीकडे आहे ना, कस्तुरी ऑर्डर, कस्तुरी फिक्स. आणि ट्रेनिंगमध्ये मिलिंद तो जोक सांगतो, पंचवीसचा. माझा आजी मराठी बोलायची, आय नियरली डाइड." शेरॉन मनापासून हसली. तिच्यात काही खोट नव्हती. कस्तुरीही हसली. कप हातात धरून जागेवर येईपर्यंत ते हसू तिच्या तोंडावर तसंच होतं. बसल्यावर तिनं ते ओठांवरून अक्षरशः बोटांनी पुसलं, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की अकरा वर्षांत हा विनोद एकदाही थांबलेला नव्हता. तिच्या पाठीमागे, ती सुट्टीवर असताना, ती झोपलेली असताना, प्रत्येक नव्या माणसाला चहाबरोबर तो दिला जात होता.

ऑफिसचं काम लिफ्टचं, आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक लंडनमधली एक कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका. उंच इमारतींमधल्या लिफ्टच्या डोक्यावर एक पेटी बसवलेली असते. ती दर अर्ध्या मिनिटाला सर्व्हरला निरोप पाठवते: मी चालू आहे, दार नीट लागतंय, सातव्या मजल्यावर आहे. निरोपात काय आधी यायचं, काय नंतर, उत्तर किती वेळात द्यायचं, नाही आलं तर काय समजायचं, हे सगळं ठरवणारा कागद म्हणजे प्रोटोकॉल. निरोपाच्या सुरुवातीला त्याची लांबी दोन बाइटांत लिहायची, मोठा बाइट आधी आणि छोटा नंतर, असं पहिल्या कागदात ठरलं होतं. दोन हजार चौदा साली पहिल्या नऊशे पेट्या लिफ्टांवर चढल्या आणि नेमकं उलटं लिहायला लागल्या. पेटीचा कोड कस्तुरीचा होता. जो नमुना समोर ठेवून तिनं तो लिहिला, तो मिलिंदनं स्वतः, एका शुक्रवारी घाईघाईत, ईमेलमधून पाठवला होता. नमुन्यात छोटा बाइट आधी होता. लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरून नऊशे पेट्या बदलणं कुणाला परवडणार नव्हतं, म्हणून सर्व्हरच्या कोडमध्ये लांबी जुळेना तर उलट्याचं सुलटं करून पाहणारा एक तुकडा घातला गेला. तुकड्याला मिलिंदनं नाव दिलं: कस्तुरी. मोठ्या मीटिंगमध्ये, ऑफिसची प्रमुख क्लोई आणि तिचे सगळे साहेब टेबलाभोवती असताना, त्यानं खुर्ची मागे टेकवून समजावून सांगितलं. "आमच्या भाषेत ट्वेन्टी-फाइव्ह म्हणत नाहीत. फाइव्ह-अँड-ट्वेन्टी म्हणतात, पंच-वीस. कस्तुरीनं पेटीला मराठी शिकवलं, दॅट्स ऑल." सगळे खदखदून हसले. क्लोईनं डोळे पुसले. असा मोकळा, स्वतःच्या भाषेवर विनोद करू शकणारा माणूस पुढे न्यायलाच हवा, हे त्या खोलीत त्याच मिनिटाला ठरलं असावं. आणि त्या हसण्यात एक आवाज कस्तुरीचाही होता. तिच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा कागद त्या आठवड्यात मिलिंदच्या सहीसाठी अडकलेला होता, आणि तो ईमेल तिच्या बॅगेत, छापून, चार घड्या घालून ठेवलेला होता. तो तिनं बाहेर काढला नाही. मिलिंदचा विनोद तिनं एखाद वेळी सोडूनही दिला असता. स्वतःचं ते हसणं तिला सोडता येत नव्हतं. ते ऐकू यायचं. ट्रेनमध्ये दार बंद होतानाच्या पिपाणीत, बाजूच्या घरातल्या टीव्हीवर, कुठल्याही बायकांच्या घोळक्यात, मध्येच, तिच्याच पट्टीत.

आता वर्षं उलटली होती. कस्तुरी सर्व्हरच्या बाजूला गेली, पासपोर्ट बदलला, केसांत पांढरी बट आली आणि प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती लिहायचं काम तिच्याकडे आलं. मिलिंद पेट्यांच्या खात्याचा प्रमुख झाला होता. लिहायला बसण्याआधी तिनं, तिच्या सवयीप्रमाणे, खरोखरच्या पेट्यांचे खरेखुरे निरोप पकडून तपासले. एकेक बाइट, तांदूळ निवडावेत तसे. पहिल्या आवृत्तीत एक बाइट राखीव ठेवलेला होता: इथे शून्य लिहावं, पुढेमागे उपयोगी पडेल, वाचणाऱ्यानं तिकडे दुर्लक्ष करावं. जुन्या नऊशे पेट्या तिथे इमानानं शून्य लिहीत होत्या. पण गेल्या तीन-चार वर्षांत बसवलेल्या तेवीसशे नव्या पेट्या तिथे एक लिहीत होत्या. एक कशासाठी, कुठल्याही कागदात नव्हतं. तिनं खुर्ची जरा पुढे ओढली. मिलिंदच्या घरातला कचरा, तिनं मनात म्हटलं. कागद न वाचता काम करायची त्याची जुनी रीत. कुणाला विचारावं, हा एक कुणी घातला, असं तिच्या मनात आलंसुद्धा नाही. पेट्या मिलिंदच्या, म्हणजे हा एक मिलिंदचाच. इतक्या काटेकोर बाईनं खात्यावरचं नाव न तपासता नोंद केली, आयुष्यात पहिल्यांदाच.

मग तिनं अठ्ठावन्न पानांचा कागद लिहिला. सुंदर लिहिला, हे तिच्या वैऱ्यालाही मान्य करावं लागलं असतं. एक्केचाळिसाव्या पानावर, सुरक्षेच्या प्रकरणात, दोन ओळींची अट घातली: राखीव बाइट शून्यच असला पाहिजे, नसेल तर सर्व्हरनं उत्तर न देता जोडणी तोडावी. वाचणाऱ्याला वाटावं, किती काळजी घेतली आहे. घुसखोर ओळखायची ती सर्वमान्य पद्धतच आहे. आणि ब्रॅकनेलच्या लॅबमध्ये चाचणीसाठी ज्या दोन पेट्या होत्या त्या चौदा सालच्या होत्या, शून्य लिहिणाऱ्या. चाचण्या हिरव्या येणार. कौन्सिलसमोर नवा सर्व्हर सुरू होईल त्या सकाळी मात्र नकाशावरचे तेवीसशे हिरवे ठिपके राखाडी होतील, आणि सगळे मिलिंदकडे बघतील. कस्तुरीचे वडील साताऱ्याच्या तार ऑफिसात होते. मृत्यूची तार घेऊन जाणाऱ्या शिपायाला ते बजावायचे, आत काय आहे ते तुला माहीत आहे, तुझ्या चेहऱ्याला माहीत नसावं. ती तारेचा कागद घडी करावा तशी ती दोन ओळींची अट वाचायची, पुन्हा वाचायची, आणि फाइल बंद करताना चेहरा कोरा ठेवायची, खोलीत कुणी नसलं तरी.

ऑफिसची एक रीत होती. नवा कागद सगळ्यांसाठी दहा कामाचे दिवस उघडा ठेवायचा. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं समासात टीप टाकायची. दहा दिवसांत कुणी काही बोललं नाही तर सगळ्यांना मान्य आहे असं धरायचं. इंग्रजांना ही रीत फार आवडते, कारण तीत कुणालाच हो म्हणावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी मिलिंद तिच्या टेबलाच्या कडेवर येऊन बसला. "काय कस्तुरीबाई, अठ्ठावन्न पानं? पीएचडी करतेस का?"

"वाच तरी."

"तू लिहिलंयस ना, मग मी काय वाचायचं! अख्ख्या कंपनीत एकच माणूस आहे ज्याचं मी न वाचता पास करतो." त्यानं तिच्या डब्यातला काजू उचलला. "बाइट उलटे नाही ना घातलेस परत? गंमत करतोय गं. लुक्स गुड टू मी, टाकून देतो."

आणि खरंच, जागेवर जाऊन त्यानं समासात तेवढंच टाकलं. त्याच्या त्या विश्वासानं तिला क्षणभर चीड आली. या माणसाला तिच्यावर भरवसा ठेवायचा अधिकार कुणी दिला?

आठव्या दिवशी सतीश वानखडे आला. मिलिंदच्या खात्यातला, नागपूरचा, पन्नाशी ओलांडलेला, साडेचार वर्षांपूर्वी बायको आणि मुलीला घेऊन आलेला. वसंतात पाच वर्षं पूर्ण झाली की कायम राहायचा अर्ज करता येईल म्हणून कॅलेंडरवरचे दिवस खोडणारा. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात. हा एकटा कस्तुरीला मॅडम म्हणायचा आणि ती त्याला सतीशराव. तो आधी तिच्या तब्येतीबद्दल बोलला, मग हीटिंगबद्दल, मग मुलीच्या ए-लेव्हल्सबद्दल, म्हणजे इथल्या बारावीबद्दल. मुख्य गोष्टीपर्यंत पोचायला त्याला नेहमीच पाच-सहा वळणं लागत.

"जेवण झालं का मॅडम?"

"झालं. बोला ना."

"नाही, ते एक्केचाळीस पानावरचं. छान लिहिलंय, तसं काही नाही. पण एकदम जोडणीच तोडायची का? म्हणजे, नुसतं नोंदवून सोडून दिलं असतं तर?"

मिलिंदला कळलं, तिला वाटलं. स्वतः येत नाही, याला पाठवतो. "तुमच्या साहेबांना काही म्हणायचं असेल तर त्यांना म्हणू दे, सतीशराव."

"साहेबांचं नाही, मॅडम. मीच. ते जरा बसून बोलावं लागेल."

"मग टीप टाका की. रीतसर. रीत सगळ्यांना सारखीच आहे ना?"

"हो ना. टाकतो," तो म्हणाला, आणि उगाचच तिच्या टेबलावरचा स्टेपलर सरळ करून गेला.

नवव्या दिवशी दुपारी सव्वातीनला टीप आली. समासात पिवळा चौकोन, त्यात इंग्रजीत दोन ओळी: मॅडम, ही अट पक्की करण्याआधी एकदा बोलता येईल का, नव्या पेट्यांसंबंधी आहे. बाहेर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या काचेवरची पानं हातानं काढत होतं. टिपेच्या कोपऱ्यात बरोबरची खूण असते. ती दाबली की टीप मिटते, कागदावरून नाहीशी होते आणि टाकणाऱ्याला एक ओळीचा ईमेल जातो, अमक्यानं तुमची टीप मिटवली. कस्तुरी त्या खुणेकडे बराच वेळ पाहत राहिली. तिला खरं तर फोन उचलायचा होता. फोनच्या पलीकडे नागपुरी हेल होता, हीटिंग होतं, मुलीच्या परीक्षा होत्या, आणि त्या सगळ्याच्या शेवटी मिलिंद सुटणार होता. पंच-वीस, तिच्या कानात कुणीतरी म्हणालं, आणि ती हसली, त्या वेळच्या पट्टीत. बोट खाली गेलं. पिवळा चौकोन मिटला. दहावा दिवस कुणी काही न बोलता गेला.

कौन्सिलच्या सकाळी सगळं तिनं मांडलं होतं तसंच घडलं, चेहरा सोडून. मोठ्या पडद्यावर लंडनचा त्यांचा तुकडा, हिरव्या ठिपक्यांनी भरलेला. नवा सर्व्हर सुरू झाला. पहिल्या मिनिटाला दोन-तीनशे ठिपके राखाडी झाले, चौथ्या मिनिटाला तेवीसशेच्या तेवीसशे. कौन्सिलच्या बाईनं पेनचं टोपण लावलं. कस्तुरीनं मिलिंदकडे पाहिलं. याच क्षणासाठी तिनं अठ्ठावन्न पानं लिहिली होती. मिलिंद फोनवर काहीतरी वाचत होता. त्यानं वर पाहिलं, पडद्याकडे, मग कौन्सिलच्या बाईकडे, आणि भुवया उंचावून, अगदी घरातला दिवा गेल्यासारखं म्हणाला, "वेल, दॅट्स नॉट आयडियल." दोघं-तिघं हसलेसुद्धा. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. उमटेल असं काही आत नव्हतंच, आणि हे तिला इतक्या वर्षांत कसं कळलं नाही? दोन तासांत जुना सर्व्हर परत लावला. पण एक गोष्ट तिनं मोजलीच नव्हती. वीस मिनिटं निरोप न आलेली लिफ्ट सुरक्षेसाठी थांबवायची आणि माणूस जाऊन तपासेपर्यंत चालू करायची नाही, असा कौन्सिलचा नियम होता. ठिपके हिरवे झाले. लिफ्टा दीड दिवस तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी आलेल्या यादीत मजले होते, वयं होती. तेरावा मजला, एक्क्याऐंशी, डायलिसिस चुकलं, माणसांनी खुर्चीतून उचलून खाली नेलं. कस्तुरीनं यादी अर्धी वाचली आणि उरलेली वाचायला बसली तेव्हा तिला अक्षरांऐवजी जिन्याच्या पायऱ्या दिसायला लागल्या.

त्या संध्याकाळी लॅबमध्ये ती आणि सतीश दोघंच होते, जोडण्या तपासत. खोलीत पंख्यांची घरघर होती. सतीशनं स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं. "मॅडम, तो एक मी टाकला होता."

"कुठला एक?"

"राखीव बाइटमधला. मी आलो तेव्हा ट्रेनिंगमध्ये मिलिंद सरांनी तो पंचवीसचा किस्सा सांगितला. सगळे हसून राहिले होते. मला काही बरं वाटलं नाही. आपल्याकडच्या बाईचं नाव असं चुकीला लावायचं म्हणजे..." तो माउसची वायर गुंडाळत राहिला. "मग नव्या पेट्या केल्या तेव्हा मी बाइट सुलटे केले, आणि राखीवात एक ठेवला. एक असला म्हणजे ही पेटी सरळ लिहिते. म्हटलं, पुढेमागे तुम्ही दुसरी आवृत्ती लिहाल तेव्हा सर्व्हरला एवढं बघितलं की झालं, तुमच्या नावाचा तो तुकडा नव्यांसाठी लागणारच नाही. जुन्या पेट्या निघाल्या की उडवून टाकता येईल. परवानगी काढली असती तर सहा महिने लागले असते, आणि सरांनी विचारलं असतं कशासाठी. सांगणार होतो तुम्हाला. पण तुमचा जुना विषय कसा काढायचा, हेच समजेना."

त्याच्या इनबॉक्समध्ये तो एक ओळीचा ईमेल होता, कस्तुरी सबनीस यांनी तुमची टीप मिटवली, हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तो उठला, आणि म्हणाला, "चला, साडेसहाची गाडी मिळेल तुम्हाला."

चौकशीची मीटिंग गुरुवारी, पडद्यावर, प्रत्येकजण आपापल्या चौकोनात. क्लोईनं सुरुवातीलाच सांगितलं की इथे कुणालाही दोष द्यायचा नाही, फक्त शिकायचं आहे. आणि मग अर्धा तास सगळ्यांनी मिळून, अतिशय सौजन्यानं, दोष ठेवायला एक माणूस शोधला. बिनपरवानगीचा बाइट. कुणी घातला? सतीशनं सांगितलं, मी. मिलिंद म्हणाला की सतीश अत्यंत प्रामाणिक माणूस आहे आणि म्हणूनच हे फार दुःखद आहे. क्लोईनं चष्मा काढला. "एकच विचारायचंय. दहा दिवस कागद उघडा होता. या अटीबद्दल कुणी काही लक्षात आणून दिलं होतं का?"

कस्तुरीचा माइक बंद होता. तो उघडायला एक बटण पुरेसं होतं. टीप टाकली होती, मी मिटवली. इतकंच म्हटलं की सतीश वाचला असता, आणि मग पुढचा प्रश्न आला असता, का मिटवली, आणि त्याच्या मागोमाग अकरा वर्षं. ब्रिटिश पासपोर्ट तिच्याकडे होता. तिला देशातून कुणी काढणार नव्हतं. जाणार होतं ते फक्त कागदावरचं नाव, लेखक: कस्तुरी सबनीस, पहिल्यांदाच कुठेतरी बरोबर जागी लागलेलं. ती सतीशच्या चौकोनाकडे पाहत होती. तो कॅमेऱ्यात पाहत होता. पडद्यावर माणूस नेमका कुणाकडे पाहतोय ते कळत नाही, तरी तिला कळलं. त्याच्या मागे भिंतीवर ते कॅलेंडर होतं. त्याच्याकडे तो ईमेल होता. दाखवला असता तर कुणी काय म्हणणार होतं?

"नो," सतीश म्हणाला. "आय शुड हॅव रेझ्ड इट. आय डिड नॉट."

चार साहेबांदेखत, आपल्याकडच्या बाईकडे बोट दाखवणं त्याच्यानं झालं नाही. क्लोईनं त्याचे आभार मानले. कस्तुरी पुढची दहा सेकंदं थांबली, मग आणखी दहा, आणि मग क्लोई पुढच्या मुद्द्यावर गेली. कुणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य होतं.

कुणी किती भरलं ते आता सांगता येतं. कंपनीनं एक पत्र भरलं, खेद व्यक्त करणारं, दोन परिच्छेदांचं. क्लोईनं एक सुट्टी रद्द केली. मिलिंदनं काहीच भरलं नाही. तो संकटातून काय शिकावं यावर मँचेस्टरला भाषण देऊन आला. तेराव्या मजल्यावरच्या बाईंनी तीन आठवडे हॉस्पिटलात भरले. दुसरी आवृत्ती फेब्रुवारीत लागली, अट जरा सौम्य करून. राखीव बाइटातला तो एक रीतसर कागदात आला, सतीशनं योजला होता त्याच अर्थानं. जुन्या पेट्याही टप्प्याटप्प्यानं उतरवल्या, आणि सर्व्हरमधला कस्तुरी नावाचा तुकडा कस्तुरीनं एका दुपारी स्वतःच्या हातानं पुसला. त्याला एक सेकंदही लागला नाही. सतीशची जागा डिसेंबरमध्ये काढून टाकली होती. व्हिसाच्या नियमानं मिळणाऱ्या साठ दिवसांत त्याला दुसरी नोकरी मिळाली नाही. पाच वर्षांना सात आठवडे कमी असताना तो नागपूरला परतला, बायकोनं शाळेच्या किचनमधलं काम सोडलं, मुलीनं ए-लेव्हल्स अर्ध्यावर टाकल्या. जाण्याआधी त्यानं टेबल आवरून किल्ल्या कस्तुरीकडे दिल्या, कारण मिलिंद जागेवर नव्हता, आणि जेवण झालं का ते विचारलं. ती म्हणाली, झालं. तिच्या वाट्याचं जे होतं तेही त्यानंच भरलं होतं.